रूडिमेंट म्हणजे पाया नव्हे, कच्चं लिंबू

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक ताई मुलांसाठीच्या पाश्चात्त्य संगीताच्या पुस्तकाचं भाषांतर करतायत, मूळ नावात 'रूडिमेंट्स ऑफ म्युझिक' आहे, त्यांनी 'संगीताची मूलतत्त्वे' केलं तर संपादक म्हणाले फार जड झालं, मग 'मूलभूत संगीत' केलं तर ते म्हणाले सरकारी योजनेचं नाव वाटतंय, आणि आता ताई विचारतायत की हा शब्द आहे तरी काय, आला कुठून, आणि फंडामेंटल्स, बेसिक्स, एलिमेंट्स यांच्यापेक्षा तो खरंच वेगळा आहे का. सव्वीस वर्षं इंग्रजी-मराठी भाषांतराचं काम करतेय आणि या एका शब्दावर मी स्वतः चांगलीच तोंडघशी पडलेली आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आधी ती तोंडघशी पडल्याची गोष्ट सांगते म्हणजे मुद्दा लक्षात येईल. सुरुवातीच्या वर्षांत एका प्रकाशनाचं मुलांचं पक्ष्यांवरचं पुस्तक करत होते, त्यात किवीबद्दल लिहिलं होतं की याचे पंख रूडिमेंटरी आहेत. मी डोळे झाकून 'किवीला प्राथमिक स्वरूपाचे पंख असतात' लिहून मोकळी. तपासायला जीवशास्त्राचे एक निवृत्त सर होते, त्यांचा फोन आला, "मॅडम, म्हणजे पुढच्या इयत्तेत गेल्यावर त्याला माध्यमिक पंख येणार का?" मी हसले पण फोन ठेवल्यावर घाम फुटला, कारण वाक्याचा अर्थच उलटा झाला होता. किवीचे पंख सुरू व्हायचे नाहीयेत, ते संपत आलेत. पिसांखाली दडलेलं एवढंसं काहीतरी उरलंय. आणि गंमत म्हणजे शब्दकोशात रूडिमेंट काढून बघा, पहिला अर्थ 'आरंभ, सुरुवातीचा भाग' असाच मिळतो. मग एकच शब्द सुरुवातीलाही आणि शेवटालाही कसा चालतो, हे शोधायला मी तेव्हा बसले आणि तिथून हा शब्द मला आवडायला लागला.

तर मूळ लॅटिन. तिथे रुडिस नावाचं विशेषण आहे, अर्थ कच्चा, ओबडधोबड, न घडवलेला, न शिकलेला. न कसलेली जमीन रुडिस, न घडवलेला दगड रुडिस, लढाई न पाहिलेला पोरगा रुडिस. ओव्हिड नावाच्या रोमन कवीने विश्व घडण्याआधीच्या गोंधळाचं वर्णन केलंय त्यातही हाच शब्द आहे, नुसता आकार नसलेला कच्चा ढीग. इंग्रजीतला रूड, म्हणजे उद्धट, तो इथूनच फ्रेंचमार्गे आला. आधी 'अडाणी, खडबडीत' आणि मग 'वागायची रीत नसलेला'. आणि एरुडाइट, म्हणजे विद्वान, तोही याच घरातला, त्यात 'बाहेर' अर्थाचा उपसर्ग लागलाय, ज्याला कच्चेपणातून बाहेर काढलंय तो. म्हणजे उद्धट आणि विद्वान हे चुलतभाऊ निघाले, आपल्याकडे काही काही व्यासपीठांवर दोघं एकाच खुर्चीत बसलेले दिसतात ते वेगळं.

(एक सावधगिरी. लॅटिनमध्ये रुडिस असाच दिसणारा दुसरा शब्द आहे, काठी किंवा लाकडी तलवार या अर्थाचा. ग्लॅडिएटर निवृत्त झाला की त्याला ती देत. शब्दकोशात त्याची नोंद वेगळी असते. इंटरनेटवर लोक दोन्हींची खिचडी करून 'रूडिमेंट म्हणजे ग्लॅडिएटरची सरावाची तलवार' वगैरे सांगतात, वाचायला छान वाटतं, तुम्ही मात्र त्या नादी लागू नका.)

या विशेषणाला -मेंटुम हा शेपटा लागून रुडिमेंटुम झालं. हा शेपटा साधारण क्रियापदांना लागतो, विशेषणाला लागणं जरा आडवळणाचं, म्हणून एलिमेंटुम हा शब्द आधीच होता त्याच्या साच्यावर हा पाडला असावा असं मानतात. एलिमेंटुमकडे येतेच.

रुडिमेंटुम म्हणजे कच्च्या माणसाचा पहिला प्रयत्न, पहिला अनुभव, आणि लॅटिनमध्ये हा शब्द लढाईच्या संदर्भात बराच येतो, पोरगा पहिल्यांदा मोहिमेवर जातो ते त्याचं रुडिमेंटुम. व्हर्जिल या रोमन कवीच्या 'ईनिड' महाकाव्याच्या अकराव्या सर्गात एक जागा आहे, ती वाचली की हा शब्द विसरता येत नाही. म्हातारा राजा इव्हँडर, त्याचा एकुलता एक मुलगा पॅलास, पहिल्याच लढाईत शत्रूकडच्या टर्नसच्या हातून मारला जातो. प्रेत घरी आणतात आणि बाप त्याच्यावर पडून रडतो, आणि त्या विलापात तो म्हणतो, 'ड्यूरा रुडिमेंटा', म्हणजे कठोर होते रे हे पहिले धडे, घराजवळच्याच लढाईचे. मूलतत्त्वं वगैरे तिथे काही नाही बघा. पोराने नुकती पाटी हातात घेतली होती आणि पहिल्याच अक्षराला फुटली, एवढंच आहे.

आता मराठीत हा 'रुडिस' कोण, तर माझ्या मते कच्चं लिंबू. लहानपणी लपंडाव किंवा साखळी खेळताना कोणाचं तरी धाकटं भावंडं मागे लागायचं, मग त्याला कच्चं लिंबू म्हणून घ्यायचे, तो खेळात असायचा पण आउट व्हायचा नाही, त्याच्यावर राज्य यायचं नाही. त्या कच्च्या लिंबाचा पहिला खरा डाव म्हणजे रुडिमेंटुम. आणि इथेच बाकीच्या शब्दांपासून हा वेगळा पडतो. फंडामेंटल किंवा बेसिक म्हणताना आपण विषयाच्या इमारतीकडे बघत असतो, खाली काय आहे ते. रूडिमेंट म्हणताना शिकणाऱ्याच्या हाताकडे बघत असतो, तो किती कच्चा आहे आणि पहिल्यांदा काय गिरवतोय ते.

फंडामेंटल बघा, लॅटिन फंडस म्हणजे तळ, बूड. संस्कृत बुध्न, इंग्रजी बॉटम आणि हा फंडस भाषाशास्त्राच्या हिशोबाने एकाच घराण्यातले. इंग्रजीत फंडामेंट म्हणजे माणसाचं बूड असाही जुना अर्थ आहे आणि मराठीतही बूड भांड्याचं असतं तसंच माणसाचंही असतं, तेव्हा 'माझे फंडामेंटल्स पक्के आहेत' म्हणताना जरा जपून. आपल्या इंजिनीअरिंगच्या पोरांनी त्याचा फंडा करून टाकला, 'त्याचे फंडे क्लिअर आहेत यार', आणि तिथून पुढे फंडा म्हणजे युक्ती, म्हणजे एकदम काहीही. बेसिकच्या मागे ग्रीक बेसिस, मूळ अर्थ पाऊल टाकणं, मग ज्यावर पाऊल ठेवून उभं राहायचं ते. तिथला धातू आपल्या गम् चा सख्खा नातेवाईक आहे. मराठीनेही पायावरूनच पाया केला, कुणी कुणाचं बघून केलेलं नाही, माणूस उभा कशावर राहतो हे सगळ्यांना दिसतंच. प्रिन्सिपल म्हणजे 'जो पहिला घेतो तो', त्यात राजेपण आहे, ते सोडून देऊ.

एलिमेंट मात्र सोडून चालणार नाही कारण तुमच्या प्रश्नाची किल्ली तिथे आहे.

एलिमेंटुम कुठून आला याचा पक्का पत्ता कुणालाच नाही. एक लोकप्रिय अंदाज असा की एल-एम-एन या तीन अक्षरांवरून आला, एलिमेन. म्हणजे आपल्याकडे 'त्याला शेअर बाजारातलं ग म भ न कळत नाही' म्हणतो ना, तसं. पुरावा तोकडा आहे तरी मराठी माणसाला हा अंदाज लगेच पटतो, कारण ग म भ न ही वर्णमालेतली पहिली अक्षरं नाहीतच, हाताला वळवायला सोपी म्हणून आधी शिकवलेली अक्षरं आहेत आणि तरी 'सुरुवात' या अर्थाने घट्ट बसलीत. ते काही असो, एलिमेंटा म्हणजे अक्षरं हा अर्थ मात्र रोमन लोकांकडे अगदी पक्का होता. होरेस हा रोमन कवी लिहितो की प्रेमळ मास्तर पोरांना खाऊ देतात, बिस्किटासारखं काहीतरी, कशाला तर त्यांनी पहिली एलिमेंटा शिकावीत म्हणून. (दोन हजार वर्षांपूर्वीची लाच. माझी आजी मला ओनामा गिरवायला गुळाचा खडा द्यायची.) ल्युक्रेशियस या दुसऱ्या रोमन कवीने तर कमाल केली, जगातल्या सगळ्या वस्तू बारीक कणांच्या बनल्यात हे समजावताना त्याने दाखला दिला की बघा, माझ्या या ओळींत कितीतरी एलिमेंटा अनेक शब्दांत सामाईक आहेत, तरी शब्द वेगळे, अर्थ वेगळे. कण आणि अक्षर दोन्हींसाठी एकच शब्द. रसायनशास्त्रातलं मूलद्रव्य आणि शाळेतलं मुळाक्षर अशी दोन्ही टोकं त्याने एका शब्दात पकडली, आणि मराठीत दोन्हींच्या पोटात 'मूळ' आलं हे मला फार छान वाटतं.

हे लॅटिनने ग्रीकांकडून उचललं. ग्रीकमध्ये स्टॉइखेइऑन, एका रांगेतला एक घटक, रांगेतलं अक्षर. युक्लिडच्या भूमितीच्या ग्रंथाचं ग्रीक नाव याचंच अनेकवचन आहे, इंग्रजीत एलिमेंट्स झालं. अकरावीला केमिस्ट्रीत स्टॉइकिओमेट्रीने ज्यांना छळलंय त्यांच्यासाठी, तोही इथलाच, जर्मन रसायनशास्त्रज्ञ रिख्टर याने १७९२ मध्ये पाडलेला शब्द.

आणि आता भाषांतरकार म्हणून मला सगळ्यात जास्त आवडणारा भाग. १६११ साली किंग जेम्स बायबल, म्हणजे बायबलचं गाजलेलं इंग्रजी भाषांतर, आलं. नव्या करारातल्या पत्रांमध्ये हाच ग्रीक शब्द अनेकवचनात काही ठिकाणी येतो. गलतीकरांस पत्रात चौथ्या अध्यायात इंग्रजीत काय केलंय? 'एलिमेंट्स'. कलस्सैकरांस पत्रात दुसऱ्या अध्यायात? 'रूडिमेंट्स'. इब्री लोकांस पत्रात पाचव्या अध्यायात, जिथे म्हटलंय की तुम्ही एव्हाना शिक्षक व्हायला हवे होतात पण तुम्हाला अजून दूधच लागतंय, जड अन्न झेपत नाही, तिथे? 'फर्स्ट प्रिन्सिपल्स'. एक ग्रीक शब्द, तीन इंग्रजी शब्द. तुम्ही म्हणाल वेगवेगळ्या लोकांनी केलं असेल, कारण त्या कामाला सहा गट होते. पण नाही, पत्रं सगळी वेस्टमिन्स्टरच्या एकाच गटाकडे होती. आणि प्रस्तावनेत त्यांनी सरळ सांगितलंय की एका शब्दाला दरवेळी एकच प्रतिशब्द असा हट्ट आम्ही मुद्दाम धरलेला नाही. आजकाल क्लायंट ग्लॉसरी पाठवतात आणि टर्म सगळीकडे सेम पाहिजे म्हणून लाल खुणा करून फाइल परत पाठवतात तेव्हा मला या वेस्टमिन्स्टरवाल्यांचा हेवा वाटतो. अर्थात औषधाच्या पाकिटावरच्या चिठ्ठीला त्यांचं स्वातंत्र्य लावायचं नाही हेही खरं.

इंग्रजीत रूडिमेंट शिरला तो सोळाव्या शतकात, आणि शिरला तो शाळेच्या दारातून, कारण तेव्हा युरोपात लॅटिन व्याकरणाच्या पहिल्या पुस्तकांना हेच नाव द्यायची पद्धत होती. पेरोत्ती नावाच्या इटालियन विद्वानाचं 'रुडिमेंटा ग्रामातिचेस' रोममध्ये १४७३ ला छापलं गेलं, रॉइखलिन या जर्मन विद्वानाने १५०६ मध्ये हिब्रूचं पुस्तक काढलं त्याच्याही नावात रुडिमेंट, आणि १७१४ मध्ये एडिनबरात लॅटिनचं जे 'रूडिमेंट्स' आलं त्याच्या लेखकाचं आडनाव होतं रडिमन. थॉमस रडिमन. खरंच. त्यामुळे इंग्रजी शाळकरी पोरांच्या डोक्यात रूडिमेंट्स म्हणजे पहिलं पुस्तक, शब्दांची रूपं घोकायची ती पानं, असं बसलं, आणि शब्द जवळजवळ कायम अनेकवचनीच राहिला. 'शी नोज द रूडिमेंट्स ऑफ कुकिंग' याचं मराठी 'तिला पाककलेची मूलतत्त्वे ज्ञात आहेत' असं कोणी केलं तर मी पेन काढून घेईन. तिला कुकर लावता येतो, आमटी-भात जमतो, एवढंच आहे ते.

त्याचं विशेषण मात्र वेगळ्या वाटेला गेलं. रूडिमेंटरी म्हटलं की इंग्रजी कानाला थोडी नाराजी ऐकू येते. रूडिमेंटरी फ्रेंच म्हणजे तोडकंमोडकं फ्रेंच. रूडिमेंटरी शेल्टर म्हणजे कसंबसं उभं केलेलं छप्पर. बायोडेटात कुणी स्वतःच 'रूडिमेंटरी नॉलेज ऑफ जर्मन' लिहिलं तर तो नम्र आहे आणि मराठीत 'जर्मनची तोंडओळख' हा अगदी माप घेऊन शिवलेला शब्द आहे, पण तेच त्याच्या साहेबांनी त्याच्याबद्दल लिहिलं तर 'जेमतेम येतं' असं वाचायचं. नामात शिकणाऱ्याबद्दल माया आहे, विशेषणात नाक मुरडणं आहे. भाषांतरात नव्याण्णव टक्के चुका इथे होतात, कारण आपण दोन्हीकडे 'प्राथमिक' ठोकतो, आणि प्राथमिक म्हटलं की मराठी वाचकाला शाळा नाहीतर आरोग्य केंद्र दिसतं. मूलभूत म्हटलं की हक्क आठवतात. दोन्ही शब्द आधीच नोकरीला लागलेत, त्यांच्याकडे या कामाला वेळ नाही.

आता किवीकडे परत. जीवशास्त्रज्ञांनी हा शब्द दोन टोकांना लावला. गर्भात एखादा अवयव नुकता धरायला लागतो, कळीसारखा, त्यालाही रूडिमेंट म्हणतात, आणि पिढ्यानपिढ्या वापर नसल्याने झिजत झिजत उरलेल्या अवयवालाही डार्विनच्या काळात रूडिमेंटरी म्हणत. तर्क एकच, दोन्ही अपुरे दिसतात, दोन्ही 'न घडलेले' वाटतात, फक्त एक वर चाललाय आणि एक खाली. डार्विनला स्वतःला हा घोळ दिसत होता. 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'च्या पुढच्या आवृत्त्यांत तो म्हणतो की होऊ घातलेला अवयव आणि उरलेला अवयव यांत फरक करणं बऱ्याचदा अवघड जातं, आणि उदाहरणं देताना पेंग्विनचा पंख घेतो, जो पोहायला वल्ह्यासारखा उत्तम चालतो, आणि त्याच्या शेजारी कोण ठेवतो तर किवी! किवीचा पंख काही कामाचा नाही, तो खरा रूडिमेंटरी. मी ते वाचलं तेव्हा सरांना फोन करून सांगितलं, ते म्हणाले, "मग आता काय लिहिणार?" मी म्हटलं अवशेषांग. आता दहावीच्या विज्ञानातही अवशेषांगंच शिकवतात, तो शब्द स्वच्छ आहे, उरलेलं अंग, संपलं.

आणि त्याच डार्विनने १८५९ च्या पहिल्या आवृत्तीत या अवयवांना उपमा काय दिली असेल? शब्दातल्या मूक अक्षरांची. जी अक्षरं स्पेलिंगमध्ये राहिलीत पण उच्चारात कुचकामी झालीत, मात्र शब्दाची व्युत्पत्ती शोधायची तर तीच धागा देतात, तसे हे अवयव. एलिमेंटा म्हणजे अक्षर आणि रूडिमेंट म्हणजे कच्चा धडा, दोघं परत एकाच पानावर आले, डार्विनच्या हे मनात होतं की नाही देव जाणे, माझ्या अंगावर काटा आला होता एवढं खरं.

तुमचं पुस्तक संगीताचं आहे आणि त्यात एक प्रकरण ड्रमचं आहे असं लिहिलंय म्हणून एवढं सांगते. ड्रमवाल्यांमध्ये रूडिमेंट हा ठरलेला तांत्रिक शब्द आहे, तिथे तो अजिबात भाषांतरित करू नका. अॅशवर्थ नावाच्या अमेरिकन ड्रमवादकाच्या १८१२ च्या पुस्तकापासून तो या अर्थाने चालत आला असं सांगतात. पलटणीतल्या ढोलकऱ्यांनी गिरवायचे हाताचे नमुने ते रूडिमेंट्स. १९३३ मध्ये शिकागोत वादक जमले, त्यांनी तेरा आवश्यक नमुने ठरवले, नंतर आणखी तेरा घालून सव्वीस झाले, आणि १९८४ ला ती यादी चाळीसवर गेली. सगळ्यांत ओळखीचा पॅराडिडल, उजवा डावा उजवा उजवा, डावा उजवा डावा डावा. मांडीवर वाजवून बघा, दुसऱ्या फेरीत हात आपोआप बदलतो, तीच त्याची गंमत. फ्लॅम, रॅटमक्यू ही नावंसुद्धा तोंडातून वाजणारी आहेत, आपल्या तबल्याच्या बोलांसारखी. रोमन पोरगा लढाईवर जायचा ते रुडिमेंटुम आणि पलटणीचा ढोल ते रूडिमेंट, यात मी काही नातं लावत नाहीये, शब्द मधल्या काळात शाळेत जाऊन आलाय. पण पुण्या-मुंबईत ड्रम शिकवणारेही रूडिमेंट्सच म्हणतात, तेव्हा त्या प्रकरणात तोच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे 'हाताचे सरावाचे नमुने' एवढं वाक्यात ओवून टाका.

राहिलं पुस्तकाचं नाव. रूडिमेंट्स ऑफ म्युझिक या नावाच्या इंग्रजी पुस्तकांत असतं काय? पाच रेघा, क्लेफ, स्वराची लांबी दाखवणारी चिन्हं, की सिग्नेचर, म्हणजे संगीत लिहायचं-वाचायचं कसं ते. सौंदर्यशास्त्र नाही, रागविचार नाही, तत्त्व तर अजिबात नाही. अक्षरओळख आहे ती. म्हणून मी 'संगीताची मुळाक्षरं' करेन. 'संगीताचा ओनामा' मला स्वतःला जास्त आवडतं, पण आजच्या दहा वर्षांच्या मुलाला ओनामा माहीत असेल का याची शंका आहे, आणि त्याच्या आईला हे पुस्तक दुकानात बघून काय आहे ते कळायला हवं. संपादकांना दोन्ही पाठवा. आणि आत कुठे रूडिमेंटरी दिसलं तर आधी लेखक तिथे कौतुक करतोय की नाक मुरडतोय ते बघा, मग मराठी लिहा.